मराठवाड्याच्या उन्हातही वडी मोडणार नाही असे शेंगदाणे-बदाम-खोबऱ्याचे लो-कार्ब प्रोटीन बार

प्रोटीन बारच्या बऱ्याच कृती शेवटी एकाच जागी येऊन थांबतात: खोबरेल तेल वितळवून मिश्रणात घाला, फ्रीजमध्ये दोन तास ठेवा, बार घट्ट होतात. होतात खरे, पण फ्रीजमध्येच. खोबरेल तेल 24-25 अंशांच्या आसपास वितळतं आणि परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो. सकाळी डब्यात घातलेला बार दुपारी चमच्यानं खायची वेळ येते. उलट डिसेंबर-जानेवारीत, वेळ अमावस्येच्या थंडीत हेच तेल बाटलीत थिजतं आणि बार दातांना दाद देत नाही. म्हणून आपल्याकडे बार धरून ठेवायचं काम तेलावर सोपवायचंच नाही. ते काम अंड्याच्या पांढऱ्यावर किंवा जवसाच्या चिकावर सोपवायचं आणि मंद आचेवर भाजून पक्कं करायचं. भाजल्यावर एकदा घट्ट झालेलं अंडं उन्हानं पुन्हा पातळ होत नाही.

खाली 12 बारचं प्रमाण आहे. एकेक बार साधारण 40 ते 45 ग्रॅमचा होतो. वाटीच्या मापावर जाऊ नका, प्रत्येक घरची वाटी निराळी असते. छोटा डिजिटल वजनकाटा घ्या.

साहित्य

शेंगदाणे: 135 ग्रॅम (भाजून, सोलून, वाटून साधारण 120 ग्रॅम लगदा मिळतो)
बदाम: 80 ग्रॅम
भोपळ्याच्या सोललेल्या बिया किंवा मगज: 40 ग्रॅम
सुक्या खोबऱ्याचा कीस: 60 ग्रॅम
जवस: 30 ग्रॅम
तीळ: 20 ग्रॅम
व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पूड), बिनचवीचं: 75 ग्रॅम
अंड्याचं पांढरं: 2 अंड्यांचं (साधारण 65 ग्रॅम)
एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचं गोड): 50 ग्रॅम, मिक्सरमधून पिठीसारखं बारीक करून
मीठ: पाव चहाचा चमचा
वेलदोड्याची पूड: अर्धा चहाचा चमचा
कोमट पाणी: लागेल तसं, 2 ते 4 मोठे चमचे

एवढ्या प्रमाणात एका बारमध्ये साधारण 11 ग्रॅम प्रथिनं, 15 ग्रॅम स्निग्धांश, साडेतीन ग्रॅम तंतू आणि तंतू व एरिथ्रिटॉल वजा करून अडीच ते तीन ग्रॅम कर्ब (कर्बोदकं) येतात. कॅलरी मात्र 200 च्या घरात. लो-कार्ब म्हटलं की कमी कॅलरी असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. दोन बार म्हणजे 400 कॅलरी, एका हलक्या जेवणाएवढ्या.

सामान निवडताना

खोबरं सुकंच हवं. ओल्या नारळात निम्म्याच्या जवळपास पाणी असतं. भाजल्यावरही ते पुरतं जात नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारला बुरशीचा वास येतो. नारळ काही आपल्याकडे पिकत नाही, त्यामुळे मोंढ्यात किंवा किराणा दुकानात वाट्याच मिळतात. वाटी घेताना आतल्या बाजूला पिवळे डाग आहेत का पाहा, एक कोपरा मोडून चावा. जिभेवर आधी गोडी आली पाहिजे. घशाशी खरवड लागली तर ती वाटी खवट आहे, आणि एक खवट वाटी अख्खं ताट बिघडवते, वेलदोडा कितीही घाला. पाकिटातलं डेसिकेटेड कोकोनट चालतं, पण मागची बाजू वाचून घ्या, काहींत साखर मिसळलेली असते. पाठीची तपकिरी साल काढायची गरज नाही.

शेंगदाणे निवडायला बसा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा ठिपका असलेले दाणे बाजूला काढा. हा नुसता चवीचा प्रश्न नाही. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष असू शकतं, ते यकृताला घातक आहे आणि घरच्या भाजण्यानं जात नाही.

व्हेच्या डब्यावर 100 ग्रॅममध्ये प्रथिनं किती ते बघा. 75 ग्रॅमच्या वर आणि कर्ब 10 च्या आत असेल तर घ्या. दुकानदार पुष्कळदा तसाच दिसणारा, दुप्पट मोठा 'मास गेनर'चा डबा स्वस्तात पुढे करतो. त्यात बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन हे पिठुळ कर्बच असतं, म्हणजे या कृतीच्या नेमकं उलट. एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक डब्यावर असलाच पाहिजे. चॉकलेट किंवा व्हॅनिला चवीचं व्हे घरात असेल तर एरिथ्रिटॉल 20 ग्रॅमवर आणा, कारण त्यात गोडी आधीच घातलेली असते.

काजू फारसे नकोत. 100 ग्रॅम काजूत 30 ग्रॅमच्या आसपास कर्ब आणि तंतू जेमतेम 3 ग्रॅम. बदामात तंतूच 12 ग्रॅमच्या वर असतात, म्हणून तिथं हिशेब जुळतो. अक्रोड चालतील, पण उन्हाळ्यात ते फार लवकर खवट होतात.

आता गुळाचं. उसाच्या पट्ट्यात राहून गुळाला नाही म्हणणं जिवावर येतं, पण गूळ बहुतांशी साखरच असते आणि खजुरात शेकडा 75 च्या आसपास कर्ब असतात. मध, ओट्स, राजगिऱ्याच्या लाह्या, फुटाण्याची डाळ हे सगळं याच रांगेत. हे घालून चविष्ट पौष्टिक वडी होते, ती खुशाल खा, फक्त तिला लो-कार्ब म्हणू नका. 'शुगर फ्री' लिहिलेल्या सगळ्या पुड्याही सारख्या नसतात. अ‍ॅस्पार्टेमची गोडी भाजताना उडते. माल्टिटॉल रक्तातली साखर वाढवतं, साखरेपेक्षा कमी, पण वाढवतं. एरिथ्रिटॉल किंवा शुद्ध स्टीव्हिया या दोनच गोष्टी इथं बऱ्या. स्टीव्हिया चिमटीभरच, जास्त झालं की कडू लागतं.

भाजणी

सगळं एकदम कढईत टाकून भाजायचा मोह आवरा. प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. जाड बुडाची कढई, मध्यमपेक्षा कमी आच. शेंगदाणे 10 ते 12 मिनिटं, सालीवर काळसर ठिपके येऊन साल बोटानं सुटेपर्यंत. बदाम 7 ते 8 मिनिटं. मधोमध कापून पाहा, आत फिका बदामी रंग आला की उतरवा. भोपळ्याच्या बिया 3-4 मिनिटांत फुगून उडायला लागतात, मगज त्याहून लवकर होतं. जवस तडतडायला लागला आणि आवाज कमी होत आला की झाला. तीळ दोन मिनिटं.

खोबरं सगळ्यात शेवटी, गॅस अगदी बारीक करून, हात न थांबवता. पांढऱ्याचं किंचित बदामी दिसायला लागलं की लगेच थंड ताटात ओता. कढईत तसंच ठेवलं तर गॅस बंद असूनही ते पुढं भाजत राहतं आणि मिनिटभरात तपकिरी होतं. जळक्या खोबऱ्याचा कडवटपणा झाकता येत नाही. इथं चुकलं तर खोबरं टाकून द्या, नवीन भाजा. 60 ग्रॅम खोबऱ्यासाठी बाकीचं 480 ग्रॅम सामान वाया घालवू नका.

भाजलेलं सगळं पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे मिक्सरमध्ये गेले की नको तितकं तेल सुटतं.

वाटण

शेंगदाणे सोलून पाखडून चटणीच्या भांड्यात घाला. अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं थांबत फिरवा, कडेचं उलथन्यानं खाली ओढा. आधी कूट होतं, मग ओलसर गोळा भांड्याच्या कडेला चिकटतो आणि वाटतं की आता काही पुढं सरकणार नाही. पाणी घालू नका. पाण्यानं लगदा आणखी घट्ट होतो. मिक्सर पाच मिनिटं गार होऊ द्या, पुन्हा फिरवा, दाण्यांचंच तेल सुटून तो सैल पडतो. एकूण फिरवणं चार ते सहा मिनिटांचं. अगदीच अडलं तर एक चहाचा चमचा शेंगदाण्याचं तेल.

बदाम सुरीनं जाडसर कापा किंवा खलबत्त्यात ठेचा. सगळ्यात मोठा तुकडा तुरीच्या डाळीएवढा असावा. अख्खे बदाम ठेवले तर सुरी तिथंच अडते आणि बार त्या रेषेवर तुटतो. जवसाची बारीक पूड करा, अख्खा जवस पोटातून तसाच निघून जातो आणि चिकही सोडत नाही. बिया आणि तीळ अख्खेच.

मिश्रण

मोठ्या परातीत व्हे आणि एरिथ्रिटॉल चाळून घ्या. न चाळलेल्या व्हेच्या गुठळ्या भाजल्यावर खड्यासारख्या कडक होतात. त्यात जवसाची पूड, खोबरं, बदाम, बिया, तीळ, मीठ, वेलदोडा घालून कोरडंच हातानं सारखं करा. मग शेंगदाण्याचा लगदा घालून लाडवाचं मिश्रण चोळतात तसं दोन्ही तळव्यांत चोळा, म्हणजे प्रत्येक कणाला तेलाचा हात लागतो. शेवटी अंड्याचं पांढरं काट्यानं थोडं फेटून घाला. लगदा कोमट असेल तर आधी गार करा, गरमीनं अंड्याचे तिथंच धागे होतात.

पहिल्यांदा हे कोरडं वाटेल. लगेच पाणी ओतू नका, पाच मिनिटं झाकून ठेवा. व्हे आणि जवस ओल शोषतात, मगच खरा अंदाज येतो. मूठभर घेऊन दाबा. मुटका बोटांचे ठसे धरून राहिला आणि मोडल्यावर दोन स्वच्छ तुकडे झाले तर पाणी पुरे. भुगा झाला तर एक-एक चमचा कोमट पाणी. तळव्याला तेलाची चकाकी यावी, ओल लागू नये.

ज्या घरात अंडं चालत नाही तिथं जवसाची 30 ग्रॅम पूड 90 मिलिलिटर कोमट पाण्यात 15 मिनिटं भिजवा. बोटानं उचलल्यावर तार यावी इतका चिक होतो. तो अंड्याच्या जागी घाला, वेगळं पाणी नको. भाजायला पाच-सात मिनिटं जास्त लागतात आणि बार अंड्याच्या बारपेक्षा थोडा मऊ राहतो. डिंक तळून घातला तर कुरकुरीतपणा येतो, पण तळलेला डिंक काहीही धरून ठेवत नाही. त्याच्या भरवशावर अंडं किंवा जवस कमी करू नका.

थापणं आणि भाजणं

20 सेंटीमीटरचा चौकोनी टिन घ्या, तळाला आणि दोन बाजूंना बटर पेपर वर येईल असा लावा. मिश्रण घालून तेलाचा हात लावलेल्या सपाट बुडाच्या वाटीनं दाबा. आधी कोपरे, मग कडा, शेवटी मधला भाग. उलटं केलं तर कोपरे पोकळ राहतात. जाडी दीड सेंटीमीटरच्या आत. वर बटर पेपर ठेवून त्यावर दुसरा टिन आणि किलोभर वजन दहा मिनिटं ठेवा. भुगा होणाऱ्या बारचं कारण निम्म्या वेळा साहित्यात नसतं, दाबण्यात असतं.

सुरीनं अर्ध्या खोलीपर्यंत रेषा मारून घ्या: एका बाजूनं मधोमध एक, दुसऱ्या बाजूनं पाच. साधारण 10 बाय सव्वातीन सेंटीमीटरचे 12 बार पडतात.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) 150 अंशांवर दहा मिनिटं तापवा. मधल्या जाळीवर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून, 22 ते 25 मिनिटं. पंख्याच्या कन्व्हेक्शनमध्ये 140 पुरे. कडा फिक्या तपकिरी झाल्या की काढा. मधला भाग तेव्हा दाबला तर मऊच लागतो आणि तिथंच माणूस फसतो: अजून कच्चं म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवतो. गार झाल्यावर तोच भाग घट्ट होतो. जास्त भाजलेलं व्हे दुसऱ्या दिवशी लाकूड होतं.

ओव्हन नसेल तर जुनी जाड कढई काढा. तळाला बोटभर जाडीचं मीठ, त्यावर जाळी, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून टिन आत ठेवा आणि गॅस बारीक करून 30 ते 35 मिनिटं. वरची बाजू फिकीच राहते, त्याची काळजी नको, कडा सुटल्या की झालं. हे मीठ पुढच्या खेपेला वापरता येतं, भाजीत मात्र घालू नका.

बाहेर काढल्यावर टिनमध्येच गार होऊ द्या, दीड-दोन तास. एप्रिल-मे मध्ये घरातच 38 अंश असतील तर पंख्याखाली ठेवून उपयोग नाही. वाफ गेल्यावर तासभर फ्रीजमध्ये ठेवा. मग पेपर धरून सगळी वडी बाहेर काढा आणि मारलेल्या रेषांवर जड सुरी सरळ खाली दाबा. करवतीसारखी पुढे-मागे केली तर बदामाचे तुकडे उखडतात.

बिघडलं तर

तेल सुटून पेपर भिजला असेल तर बहुधा मिक्सर तापला होता किंवा आच जास्त होती. पुढच्या खेपेला लगदा किंचित घट्ट ठेवा. बार पहिल्या दिवशी चांगला आणि चौथ्या दिवशी चिवट, हा व्हेचा स्वभाव आहे. साठवणीत व्हे आजूबाजूची ओल ओढून घेत जातं. म्हणून जास्त प्रोटीनच्या हौसेपायी 75 ग्रॅमच्या वर जाऊ नका. खाताना तोंडात बारीक खर लागत असेल आणि गारवा जाणवत असेल, तर ते एरिथ्रिटॉलचे खडे आहेत, गार झाल्यावर ते पुन्हा जमतात. पूड बारीक केली तर बरंच कमी होतं, गारवा थोडा राहतोच. झालेल्या बारचा भुगा पडला तर टाकू नका. दह्यावर घालून खा, किंवा एका अंड्याचं पांढरं मिसळून पुन्हा थापा आणि 15 मिनिटं भाजा.

वरून चॉकलेटचा थर हवाच असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, उन्हाळ्यात तो थर कागदालाच चिकटून राहील. त्याऐवजी थापताना वरून भाजलेले तीळ दाबून बसवा.

साठवण

एकेक बार बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात. हिवाळ्यात बाहेर चार-पाच दिवस, उन्हाळ्यात एक दिवस, फ्रीजमध्ये दोन आठवडे, फ्रीझरमध्ये दोन महिने. कोमट बार डब्यात बंद केले तर झाकणाला घाम येतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. उन्हाळ्यात दिवसाचे काही तास वीज जात असेल तर फ्रीजच्या दोन आठवड्यांवर विसंबू नका, सरळ फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसे आदल्या रात्री खाली घ्या.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या जागी हा बार खाण्याआधी डॉक्टरांशी बोला. कर्ब एकदम कमी झाले आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर खाली जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण आधी विचारून घ्या.

व्हे परवडत नसेल तर

सोयाबीन वड्या घ्या. कोरड्याच मंद आचेवर पाच-सहा मिनिटं भाजा, गार करून मिक्सरमधून बारीक पूड करा, चाळा आणि व्हेच्या जागी 75 ग्रॅम घाला. घरच्या कच्च्या सोयाबीनचं पीठ काढून वापरू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात आणि उग्र वासही जात नाही. वड्यांची पूड पाणी फार पिते, त्यामुळे आणखी 40 ते 50 मिलिलिटर पाणी लागतं आणि झाकून ठेवायचा वेळ 15 मिनिटं. बारमागे प्रथिनं दहाच्या आसपास येतात, कर्ब साडेतीनपर्यंत जातात. किंमत मात्र कितीतरी उतरते.

सोयाचा बार गोडापेक्षा तिखट चांगला लागतो. एरिथ्रिटॉल आणि वेलदोडा वगळा, मीठ पाऊण चमचा करा, एक चमचा भरडलेलं जिरं, एक चमचा लाल तिखट आणि दोन चमचे कारळाचं कूट घाला. घरचा येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याची पूड) असेल तर तिखटाच्या जागी तो चालेल, पण एक चमचाच, त्यात धान्य असतं. लसूण घालायचा तर वाळवून भाजलेला. ओल्या लसणानं दोन दिवसांत वास येतो. तिखट बारला गोडाची बांधणी नसल्यामुळे तो जरा ठिसूळ होतो, म्हणून थोडा लहान टिन घेऊन जाडी दोन सेंटीमीटर ठेवा आणि भाजायला पाच मिनिटं वाढवा.